मागच्या वेळेसारखं नव्हतं

क्रूझवर पहिल्यांदा जाऊन आलेला माणूस समुद्राबद्दल बोलतो. दुसऱ्यांदा जाऊन आलेला जेवणाबद्दल बोलतो. कुठलाही मराठी क्रूझ व्लॉग लावून बघा. पहिल्या सफरीत सूर्यास्त असतो, डेकवरचा वारा असतो, 'बापरे, केवढं मोठं जहाज' असतं. दुसऱ्या सफरीत बुफेची रांग असते, चहाचं तापमान असतं, मागच्या वेळचा वेटर या वेळी होता की नाही याची चौकशी असते. आणि शेवटी एक वाक्य जवळजवळ ठरलेलं: छान होतं, पण मागच्या वेळेसारखं नव्हतं.

या वाक्याला मराठी प्रवासलेखनात पूर्वज नाही. पु. ल. देशपांडे यांच्या १९६० मधल्या पुस्तकाचं नावच 'अपूर्वाई'. पूर्वी न घडलेलं, म्हणून सांगण्यासारखं. आपलं बरंचसं प्रवासवर्णन या एका गृहीतावर उभं आहे. परत-परत जाणाऱ्याकडे अपूर्वाई नसते. त्याच्याकडे तुलना असते. त्याचं लेखन म्हणजे प्रवासवर्णन कमी आणि हिशेब जास्त.

आता हिशेब करायला आपल्या दारातच सोय झाली आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'आंग्रिया' मुंबई-गोवा धावायला लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' मुंबईतून निघालं. हे जहाज १९९० पासून पाण्यावर आहे. मुंबईत येण्याआधी त्यानं अमेरिकन आणि स्पॅनिश पाहुण्यांना जेवू घातलं, आता त्याच जहाजावर जैन जेवणाची सोय आहे. पूर्वी ज्या रॉयल कॅरिबियन कंपनीचं ते होतं, तिनं तर परत येणाऱ्यांसाठी चक्क पायऱ्या बांधल्या आहेत: सफरी वाढतील तसे पॉइंट, आणि ७०० पॉइंट झाले की सगळ्यात वरचा 'पिनॅकल क्लब'. म्हणजे पुन्हा येणं ही नुसती सवय राहत नाही, ती पदवी होते. आणि पदवी मिळाली की माणूस परीक्षकाच्या खुर्चीत बसतो.

या परीक्षकाची टिंगल करणं सोपं आहे, पण त्याच्याकडे एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाकडेच नाही. कंपनीनं कुठे कात्री लावली हे फक्त त्यालाच दिसतं. मागच्या वेळी सहज मिळणाऱ्या पदार्थाला या वेळी वेगळे पैसे पडले, खोली दिवसातून दोनदा आवरली जायची ती एकदाच आवरली गेली, वाढणारा माणूस धावत होता. पहिल्यांदा आलेल्याला यातलं काही कळणार नाही. त्याला सगळंच नवं. पुन्हा आलेला प्रवासी हा एका अर्थानं साक्षीदार आहे.

साक्ष मात्र तो भलत्याच माणसाविरुद्ध देतो. वेटरला उशीर झाला, हसला नाही, नाव विसरला हे तो अचूक टिपतो. आणि निष्कर्ष काढतो की स्टाफ पूर्वीसारखा राहिला नाही. याच वेटरकडे मागच्या वेळी किती टेबलं होती आणि या वेळी किती, हे त्याच्या डोळ्यांसमोर असतं. ते मोजायचं त्याला सुचत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे जहाजावरच्या कामगाराला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. भारतानं हा करार २०१५ मध्ये मान्य केला. म्हणजे सकाळचा नाश्ता वाढणारा माणूस रात्रीच्या जेवणालाही उभा असेल तर ते नियमात बसू शकतं. असे महिन्यांमागून महिने गेल्यावर त्याचं हसू मागच्या मार्चसारखं नव्हतं, ही तक्रार खरी असेलही. पण ती कोणाच्या नावावर टाकायची, हा प्रश्न या लेखनात येतच नाही.

इंग्रजीत हा प्रश्न एका लेखकानं नीट विचारला आहे. डेव्हिड फॉस्टर वॉलेस मार्च १९९५ मध्ये 'झेनिथ' नावाच्या जहाजावरून सात रात्री कॅरिबियनमध्ये फिरला आणि जानेवारी १९९६ च्या 'हार्पर्स' मासिकात त्यानं त्यावर लांबलचक लेख लिहिला. त्यातल्या दोन जागा आपल्या कामाच्या आहेत. पहिल्या जागी तो स्वतःची बॅग स्वतः उचलून नेतो. चांगुलपणाच. पण त्यामुळे हमाल अडचणीत येतो: पाहुण्याचं ऐकायचंही असतं आणि पाहुण्याला ओझं उचलू द्यायचंही नसतं. हमालाला बोलणी बसतात आणि एक अधिकारी येऊन वॉलेसची माफी मागतो. दुसऱ्या जागी बंदरात शेजारी एक वेगळं जहाज लागतं. ते जास्त पांढरं, जास्त झकास आहे असं त्याला वाटतं, आणि तिथून पुढे स्वतःच्या जहाजावरच्या बारीकसारीक गोष्टी त्याला खुपायला लागतात. काल जे लाड वाटले ते आज हक्क वाटतात आणि उद्या अपुरे पडतात. 'मागच्या वेळेसारखं नव्हतं' याची मुळं तिथं आहेत.

वॉलेस तरी पाहुणाच. वाढणाऱ्याच्या बाजूनं पाहायचं तर आपल्याला लांब जायला नको. पी अँड ओ कंपनीच्या जुन्या प्रवासी जहाजांवर स्वयंपाकी आणि वाढपी म्हणून गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या होती. दोन सफरींच्या मधे ती मुंबईत धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडीं'मध्ये राहायची. साहेबांच्या जेवणाच्या आठवणी लिहिल्या गेल्या. वाढणाऱ्यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या गेल्या आणि बऱ्याचशा तिथेच राहिल्या.

पंगतीत तरी वेगळं काय असतं, असं कुणी म्हणेल. तिथंही कुणी बसतं, कुणी वाढतं. पण गावच्या पंगतीत वाढपी नंतर स्वतः बसतो आणि त्याला दुसरं कुणी आग्रह करतं. भाजी खारट झाली तर बोलणीही घरच्यांचीच. अर्थात कोणाला पंगतीत बसवायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं हे जातीनं ठरत आलं आहे, तेव्हा तिचं फार कौतुक नको. तरीही जहाजावरचा वाढपी पाहुण्याच्या टेबलावर कधीच बसत नाही, हा फरक उरतोच.

शहापूर-मुरबाडमध्ये समुद्र नाही, पण हा सगळा प्रकार आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगत आणि माळशेजच्या वाटेवर रिसॉर्टं आहेत, फार्महाऊस आहेत. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची मंडळी येतात, आवडलं तर दरवर्षी येतात, आणि जाताना फोनवर तारे देऊन जातात. भाषा क्रूझवरचीच. स्टाफ प्रेमळ होता. या वेळी चव तशी नव्हती.

इथं चवीचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. क्रूझच्या जेवणाला 'मागच्या वेळेसारखं नव्हतं' म्हणणं रास्त आहे, कारण तिथं तेच विकलेलं असतं: ठरलेला मेनू, ठरलेलं प्रमाण, बंदरात एकदाच भरलेला माल. शहापूरच्या भाजीला तो निकष लावता येत नाही. शेवळं पहिल्या पावसाबरोबर येतं आणि काही आठवड्यांत संपतं. घसा खाजू नये म्हणून त्यात काकडाची फळं घालावी लागतात, ती मिळायला हवीत, निवडायला हात हवेत. ऑगस्टमध्ये येऊन जूनची भाजी मागणाऱ्यानं एक तारा कापला तर तो पावसाचा कापायला हवा. कापला जातो तो वाढणाऱ्या मुलीचा.

सेवा जितकी चोख तितकी ती दिसत नाही, हे या भागाला वेगळं सांगायला नको. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले पाडे टँकरची वाट बघतात. नळ सोडणाऱ्याला धरण आठवत नाही. ताट समोर आलेल्याला तरी स्वयंपाकघर का आठवावं?

कारण हे वाचणाऱ्यांपैकी काही जण उद्या ताटाच्या पलीकडे उभे असणार आहेत. हॉटेल मॅनेजमेंट करून कुणी रिसॉर्टवर, कुणी जहाजावर. तेव्हा त्यांच्याबद्दल जे लिहिलं जाईल त्याचा परिणाम कौतुकापुरता राहणार नाही. पुढचं काम मिळणं-न मिळणं त्यावर ठरू शकतं.

म्हणून परत जाणाऱ्या प्रवाशानं लिहू नये असं नाही. उलट त्यानंच लिहावं, कारण तुलना फक्त त्याच्याकडे आहे. फक्त ती पुरी करावी. भात गार होता, हे लिहावं. त्या वेळी एक माणूस किती टेबलं बघत होता, तेही लिहावं. वेटरचं नाव घेऊन कौतुक करावं, तक्रार मात्र कंपनीच्या नावानं करावी. एवढं केलं तर 'मागच्या वेळेसारखं नव्हतं' ही कुरकूर राहणार नाही. ती खबर होईल.