मागील पानावरून पुढे

बी.कॉम. झालेल्या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट पक्की कळलेली असते. जुनी खातेवही संपली, की शिल्लक नव्या वहीत ओढायची. नव्या वहीचा कागद कितीही गुळगुळीत असो, पहिल्या ओळीला ‘मागील पानावरून पुढे’ नसेल, तर ती वही नव्हे, रद्दी! हे तत्त्व मी आजवर कादंबऱ्यांच्या आणि सिनेमांच्या दुसऱ्या भागांना लावत आलो. आता ते ‘पबजी : न्यू स्टेट’ या खेळाला लावतो.

माझ्याकडे पाहून वाटत नाही, पण मी बंदूकबाज आहे. बीडला बँकेच्या काउंटरवर ‘उद्या या’ हे एकच शस्त्र चालवणारा मी, २०२० च्या टाळेबंदीत चिरंजीवांच्या आग्रहाखातर पबजीत उतरलो. शंभर माणसं विमानातून बेटावर उड्या टाकतात आणि मिळेल त्या बंदुकीनं एकमेकांना टिपतात. पीककर्जाच्या रांगेचा अनुभव असलेल्या माणसाला यात अवघड काही नव्हतं.

आमची टोळी चौघांची. मी, चिरंजीव, शाखेतला शिपाई आणि आमच्या गल्लीतला एक पोरगा. हा पोरगा दिवाळी झाली, की आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो. तिथं नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एकटा गडी तो ‘अर्धा कोयता’. हा आमचा अर्धा कोयता खेळात मात्र चौघांचा पूर्ण हिशेब चुकता करायचा.

२ सप्टेंबर २०२० ला सरकारनं पबजीवर बंदी घातली. घरात सुतक आलं. पुढं २ जुलै २०२१ ला तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ या नावानं परतला. त्यात गोळी लागली की रक्त हिरवं निघायचं आणि माणूस ‘ठार’ न होता ‘फिनिश’ व्हायचा. पण जुन्या खात्यातली कमाई नव्या खात्यात आणायची सोय होती. माझ्यातला कारकून गहिवरला.

आणि ११ नोव्हेंबर २०२१ ला ‘न्यू स्टेट’ आला. काळ सन २०५१. ऐन लढाईत ड्रोनवरून माल मागवता येतो. आमच्याकडे सिलिंडरचा नंबर लावला तर तो कधी येईल, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही! पडलेल्या शत्रूला गोळी न घालता आपल्या टोळीत घेता येतं. हे भविष्यातलं आश्चर्य म्हणून दाखवलं आहे. महाराष्ट्रातल्या मतदाराला ते दाखवायला २०५१ पर्यंत जायची काय गरज होती?

देखावे मात्र झकास. गवताचं पातं न् पातं हलतं. पण पहिली ओळ पाहिली आणि मी हबकलो. शिल्लक शून्य! वर्षभर रात्री जागून मिळवलेली कमाई इथं खिजगणतीत नाही. शून्यानं सुरू होणाऱ्या वहीला मी ‘पुढचा भाग’ म्हणत नाही. त्याला नवीन खातं म्हणतात.

याहून मोठी तूट दुसरीच निघाली. अर्ध्या कोयत्याचा फोन मुकादमाच्या उचलीतून घेतलेला, चौथ्या हाताचा. त्याला हा थाट झेपेना. दोष फोनचा, मान्य. पण टोळीत तिघेच उरले. शत्रूला भरती करून घेण्याची सोय होती. आमच्याच गड्याला घेण्याची नव्हती.

एका रात्री कोल्हापूरकडच्या फडावरून, कोपीतून त्याचा फोन आला.

“काका, नवा खेळ लई भारी हाय म्हणं?”

“हो रे, २०५१ सालचा आहे.”

“मग २०५१ मधी तरी आपला फोन चालंल का त्याच्यावर?”

याचं उत्तर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. मी काही न बोलता जुना खेळ उघडला. चौघांनी मिळून उड्या मारल्या. नेहमीप्रमाणे पहिल्याच मिनिटाला मी ‘फिनिश’ झालो, हिरवागार!

“काका, तुम्ही अजून तसेच हायसा,” तो म्हणाला.

शिल्लक जुळली.