कुबडीचा धागा

पल्प मासिकांतल्या अमेरिकन हेरकथा वाचकाशी सरळ खेळत नाहीत, हा आरोप जुना आहे. एस. एस. व्हॅन डाइनने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. वाचकाला गुप्तहेराइतकीच संधी मिळाली पाहिजे, हा त्यांतला पहिला. ‘ब्लॅक मास्क’ मासिकातल्या कथा मीही बरीच वर्षं याच मापाने मोजून बाजूला ठेवत आलो. ते माप मला डॅशिएल हॅमेटच्या ‘द गटिंग ऑफ कूफिन्याल’ने (डिसेंबर १९२५) टाकायला लावलं. (पुढे रहस्य फुटणार आहे. कथा आधी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावं.)

सॅन फ्रान्सिस्कोजवळचं श्रीमंतांचं एक काल्पनिक बेट. तिथे लग्नाच्या अहेरावर पहारा द्यायला एक निनावी गुप्तहेर आला आहे. रात्री मशीनगन धडाडते, बँक आणि जवाहिऱ्याची पेढी लुटली जाते. दरोडेखोर बाहेरचे नाहीत, बेटावरच राहणारे परागंदा रशियन उमराव आहेत, ही पहिली कलाटणी. तिचा खुलासा हेर राजकन्येसमोर बसून जवळजवळ एका दमात उरकतो. व्हॅन डाइनने इथे जेमतेम पासापुरते गुण दिले असते.

खरी कलाटणी पुढे आहे. राजकन्या पैसे देऊ करते, स्वतःला देऊ करते आणि शेवटी उठून दाराकडे चालू लागते. हा माणूस बाईवर गोळी झाडणार नाही, याची तिला खात्री आहे. मलाही होती. तो तिच्या पायावर गोळी झाडतो.

याचा धागा आधी दिला होता का? दिला होता, अगदी उघड्यावर. धावपळीत हेराचा घोटा मुरगळतो आणि तो एका पांगळ्याची कुबडी लांबवतो. मी ते विनोद म्हणून वाचलं आणि पुढे गेलो. कथा प्रथमपुरुषी आहे. म्हणजे आपण सतत हेराच्याच डोक्यात बसलेलो असतो आणि तरीही फसतो, कारण लपवलेली गोष्ट त्याला ठाऊक असलेली माहिती नसून त्याचा स्वभाव आहे. पिंकर्टन संस्थेत स्वतः हेरगिरी केलेल्या हॅमेटला हा स्वभाव जवळून माहीत असणार. कामाच्या आड काही आलं, की या माणसाची भीडभाड संपते.

गंमत म्हणजे तीच कुबडी राजकन्येलाही चकवते. लंगडणारा माणूस पाठलाग करू शकत नाही, एवढं तिला दिसतं. ती त्याने मिळवली कशी, हे ती विचारत नाही. ते शेवटच्या ओळीत हेरच तिला ऐकवतो, जरा चिडूनच.