दोन स्टेशनांमधली संधी

माझी आत्या तळेगावला राहते. येरवड्याला आमच्याकडे यायला निघाली की ती लोकलने शिवाजीनगरला उतरते. पुणे स्टेशनच्या गर्दीपेक्षा ते लहान स्टेशन तिला बरे वाटते. पूर्वी तिथून पुढे रिक्षा ठरलेली. आता मी तिला आणायला जाते आणि आम्ही मेट्रोने येतो. रेल्वेच्या फलाटावरून निघायचे, जमिनीखालच्या शिवाजीनगर मेट्रो स्टेशनात उतरायचे, एकच स्टेशन पुढे जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, तिथून सरकत्या जिन्यांनी वर, उंचावरच्या वनाज–रामवाडी मार्गिकेवर यायचे, आणि मग येरवडा. पहिल्यांदा असे आणले तेव्हा आत्या म्हणाली, "आधी पाताळात नेलंस, आता स्वर्गात नेतेयस. पृथ्वीवरून काही जातच नाही का गं?"

आम्ही हसलो. पण पुणे मेट्रोच्या स्थापत्याबद्दल ऐकलेली मला ही सर्वांत नेमकी टीका वाटते. एरवी या स्टेशनांविषयी जे बोलले जाते ते त्यांच्या चेहऱ्यांविषयी. डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरे मावळ्यांच्या पगडीसारखी. शिवाजीनगरला किल्ल्याचा साज. आमच्या येरवड्याच्या स्टेशनावर दांडी यात्रा, कारण इथल्या तुरुंगात गांधीजी राहिले आणि १९३२चा पुणे करार इथेच झाला. पगडी आवडली की नाही यावर वाद घालता येतो. मात्र आत्याला पगडी दिसतच नाही. तिला दिसतात पायऱ्या, पाट्या आणि वळणे. स्टेशन ही तिच्या दृष्टीने पाहायची वस्तू नव्हेच. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाण्याची ती जागा आहे. म्हणून स्टेशनाची समीक्षा करायची तर ती त्याच्या सांध्यांची करावी, असे मला वाटते.

या सांध्यांचा इतिहास आपल्याकडे चांगला जुना आहे. मुंबई–पुणे रेल्वे सुरुवातीला सलग नव्हती. १८५८मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण घाट मध्ये आडवा होता. मुंबईला जाणारा माणूस खंडाळ्याला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट उतरे, आणि खाली पुन्हा आगगाडीत बसे. १८६३मध्ये बोरघाटातून रूळ गेले आणि हा मधला तुकडा मिटला. त्याच १८६३च्या जानेवारीत लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन. तीही मधला तुकडा मिटवण्यासाठीच. बाहेरगावच्या गाड्या पॅडिंग्टन, युस्टन, किंग्ज क्रॉसला म्हणजे शहराच्या कडेला येऊन थांबत, आणि तिथून पुढे घोडागाड्यांची कोंडी. भुयारी रेल्वेचा जन्मच मुळी मोठी रेल्वे आणि शहर यांना शिवण्यासाठी झाला. जमिनीखाली जाण्याचे ते मूळ प्रयोजन होते.

या कसोटीवर पुण्यातली दोन भुयारी स्टेशने शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. जिल्हा न्यायालय आणि शिवाजीनगर ही दोन्ही १ ऑगस्ट २०२३ रोजी प्रवाशांसाठी उघडली. न्यायालयाचे स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, आणि तरी छतातून आलेला दिवसाचा उजेड खालच्या फलाटापर्यंत पोचतो. एवढ्या खोलवर उभे राहून वर पाहिले की आपण किती खाली आहोत आणि कुठे चढायचे आहे, हे पाटी न वाचता कळते. तो उजेड सजावटीचा नाही, तो रस्ता दाखवतो. दोन मार्गिकांसाठी तिकीट एकच. आत्या कुरकुरली खरी, पण चुकली नाही. पुण्यातल्या अलीकडच्या सार्वजनिक वास्तूंत मी या स्टेशनाला फार वरचे स्थान देईन.

शिवाजीनगरला मात्र मेट्रोची गाठ मेट्रोशी पडत नाही, रेल्वेशी पडते, आणि तिथे हे कौशल्य संपते. लोकलचे तिकीट मेट्रोत चालत नाही, मेट्रोचे लोकलमध्ये नाही. मेट्रोत शिरताना पिशवी तपासली जाते; लोकलच्या फलाटावर चिवड्याच्या डब्याकडे कोणी पाहिलेले नसते. मेट्रोची घोषणा मेट्रोपुरती, रेल्वेची रेल्वेपुरती. एकाच नावाची दोन स्टेशने, दोन मालक, आणि मध्ये चालायची काही मोजकी पावले, ज्यांचा आराखडा कोणाच्याच मनात पहिला आला नसावा.

यात तिसराही गडी होता. शिवाजीनगरचा एसटी स्टँड रेल्वे स्टेशनाला लागून होता. मेट्रोचे स्टेशन खोदण्यासाठी २०१९च्या अखेरीस तो वाकडेवाडीला हलवला गेला. म्हणजे नवा सांधा करायला आधीचा, न आखता जमून आलेला सांधा उसवावा लागला. खोदायचे तर जागा मोकळी करावी लागते, हे मान्य. पण लोकलमधून उतरून नाशिकची एसटी पकडणाऱ्या माणसाचा हिशेब किल्ल्याच्या साजाशी होत नसतो.

मराठीच्या तासाला संधी शिकवायचे. विद्या आणि आलय जवळ आले की विद्यालय होते. दोन्ही शब्दांना आपापला स्वर थोडा सोडावा लागतो. नुसते शेजारी लिहिले तर ते दोन शब्दच राहतात. न्यायालयाला दोन मार्गिकांची अशी संधी झाली आहे, कारण तिथे दोन्ही बाजू एकाच घरच्या. शिवाजीनगरला दोन शब्द नुसते जवळ ठेवलेत. रेल्वेने थोडे सोडायला हवे, मेट्रोने थोडे सोडायला हवे, आणि मधली पावले दोघांनी मिळून आखायला हवीत. हे वास्तुशिल्पाचेच काम आहे. ते कारभाराचे म्हणून बाजूला सारले की सजावट तेवढी उरते.

आमचे येरवडा स्टेशनही या धड्यातून गेले. रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा मार्च २०२४मध्ये सुरू झाला, येरवडा मात्र ऑगस्टमध्ये उघडले. मधल्या काळात गाड्या न थांबता पुढे जात. नगर रस्त्याच्या बाजूचा जिना रस्त्यातच येत होता, तो बदलावा लागला. भिंतीवर जगातली एक थोर पदयात्रा, आणि अडचण झाली ती जमिनीवर पाऊल टेकायच्या जागेची.

मागच्या खेपेला जिना उतरून आल्यावर आत्या दम घ्यायला थांबली. वर पाहून तिने विचारले, "हे सगळे कुठं निघालेत?"

"दांडीला. साबरमतीहून. चोवीस दिवस चालले."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "बरं केलं," ती म्हणाली, "कुठं बदलावं तरी लागलं नाही."