अम्लरेखनातील प्रयोगशीलता : कृष्णा रेड्डी आणि बिदरीचा धागा

प्रस्तावना :
मुद्राचित्रणाच्या समीक्षेत 'प्रयोग' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. पत्र्यावर नवा पोत उमटला की प्रयोग झाला, असे मानतात. प्रस्तुत लेखात कृष्णा रेड्डी (१९२५-२०१८) यांच्या कार्याच्या आधारे ही समजूत तपासली आहे.

विवेचन :
अम्लरेखनात, म्हणजेच एचिंगमध्ये, आम्लाने कोरलेल्या खाचांत शाई भरून तिचा ठसा दाबयंत्राखाली कागदावर घेतात. रंगीत ठशासाठी पूर्वी बहुधा प्रत्येक रंगाचा पत्रा वेगळा असे. पॅरिसमध्ये स्टॅन्ली हेटर यांच्या 'आतेलिए १७' या कार्यशाळेत रेड्डी आणि मुंबईचे कायको मोती यांनी एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्याची पद्धती विकसित केली. कठीण रोलर पत्र्याच्या वरच्या पातळीलाच शाई लावतो, मऊ रोलर खोलात उतरतो. आणि जवसाच्या तेलाचे प्रमाण कमी-अधिक असलेल्या शाया एकमेकींत मिसळत नाहीत. रेड्डी मुळात शिल्पकार. त्यामुळे 'व्हर्लपूल' (१९६३) या चित्रात रंग पृष्ठभागावर पसरलेला वाटत नाही, तो पत्र्याच्या खोलीतून वर येतो. पुढील अनेक अनुकरणांत मात्र ही खोली हरवून केवळ रंगांची मोहकता उरली.

औशाच्या वाचकाला हे तत्त्व परके वाटू नये. १९५६ पर्यंत औसा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. बिदरीकाम करणारा कारागीर जस्त-तांब्याच्या मिश्रधातूत चांदी जडवतो, नंतर किल्ल्यातील माती व नवसागर यांची प्रक्रिया करतो. मिश्रधातू काळा पडतो, चांदी उजळ राहते. क्रिया एक, पण दोन द्रव्यांचा प्रतिसाद भिन्न. रेड्डींच्या शायांचेही तेच.

ग्रामीण महाविद्यालयांत अम्लरेखन न शिकवण्याचे एक कारण नायट्रिक आम्लाची विषारी वाफ हे सांगितले जाते. तथापि जस्ताचा पत्रा मोरचूद व मिठाच्या द्रावणातही कोरता येतो. द्राक्षबागायतदाराला बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद परिचितच आहे. हातमोजे आणि सांडपाण्याची योग्य विल्हेवाट यांची काळजी मात्र येथेही अनिवार्य ठरते.

निष्कर्ष :
द्रव्याचा स्वभाव ओळखून त्याला चित्राच्या आशयात सामावून घेणे, हाच प्रयोगाचा निकष असावा. या निकषावर केवळ नवे पोत अपुरे ठरतात. साधने मर्यादित असली, तरी असा प्रयोग आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर नाही.