क्रिकेटचा ‘तमाशा’ झाला म्हणे!

रविवारच्या पुरवणीत एक लेख दरवर्षी ठरलेला. उन्हाळा आला, आयपीएल सुरू झाली की तो येतोच. लिहिणारा बदलतो, लेख तोच. पांढरे कपडे, लाल चेंडू, जिमखान्याची हिरवळ, चहाची सुट्टी, पंचाने बोट वर करायच्या आधीच चालू लागणारा फलंदाज. मग एक उसासा. आणि शेवटी ते वाक्य : क्रिकेटचा पार तमाशा झाला.

मी या वाक्यापाशी अडतो. ज्या फडात महार-मांग-कोल्हाट्यांच्या पिढ्यांनी ढोलकी बडवली, पायातले चाळ झिजवले, रात्रभर गावाला हसवलं-रडवलं, त्या कलेचं नाव यांना शिवी म्हणून सापडतं. तमाशाला रीत असते. गण, मग गौळण, मग बतावणी, मग वग. क्रिकेटला शिस्त राहिली नाही असं यांना म्हणायचंय, आणि उपमा दिली कशाची? तमाशाची! दुसरा लाडका शब्द ‘बाटला’. पैशाने खेळ बाटला. अरे, बाटतं काय? विहीर बाटते, देऊळ बाटतं. म्हणजे क्रिकेटही यांच्या लेखी सोवळ्यातलं. ही समीक्षा नव्हे, शिवाशिव आहे. म्हणून ही ‘परंपरा’ काय चीज आहे ते एकदा उसवून बघायचं मी ठरवलं.

परंपरेचं माहेर इंग्लंड. तिथे १८०६ पासून १९६२ पर्यंत एक सामना खेळला जायचा : जंटलमन विरुद्ध प्लेयर्स. जंटलमन म्हणजे घरचा गडगंज, हौसेसाठी खेळणारा. प्लेयर म्हणजे पोटासाठी खेळणारा, पगारी. हे दोघे एरवी एकाच संघातूनही खेळायचे. पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरायचे दरवाजे वेगळे. छापील धावफलकावर साहेबाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी, पगारी माणसाची आडनावानंतर. टिटमस नावाच्या पगारी गोलंदाजाची आद्याक्षरं एकदा चुकून आधी छापली गेली, तर लॉर्ड्सवर भोंग्यावरून ती चूक दुरुस्त करण्यात आली! हसू नका. आपल्या गावातही कुणी नावापुढे ‘राव’ लावलं की दुरुस्ती करणारे असतातच. तिथे भोंगा होता, इथे काठी.

विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला रीतसर नेमलेला पगारी कर्णधार १९५२ पर्यंत चालला नाही. लेन हटन पहिला. तोवर बुद्धी साहेबाची, घाम प्लेयरचा. बॅट मिरवायची जंटलमनने, दिवसभर बॉल टाकायचे पगारी माणसाने. अपवाद होते, पण रीत ही होती. १९६२ च्या अखेरीस हा भेद नियमाने मोडला, आणि १९६३ साली जिलेट कप ही एकदिवसीय सामन्यांची स्पर्धा आली. दोन दरवाज्यांचा एक दरवाजा झाला आणि काही महिन्यांत ‘आधुनिक’ क्रिकेट उभं राहिलं. एकदिवसीय सामन्यांनी परंपरेचा खून केला म्हणणाऱ्यांना या दोन तारखा शेजारी शेजारी कधी दिसत नाहीत.

हीच परंपरा बोटीतून उतरून आपल्याकडे आली तेव्हा तिला इथली जात आयती मिळाली. पालवणकर बाळूचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८७६, धारवाडचा. जात चांभार. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला-लोळवायला महिना तीन रुपये, मग गोऱ्यांच्या क्लबात चार. तिथे ग्रेग नावाच्या साहेबाला सराव म्हणून तो तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकायचा. बाद केलं की साहेब आठ आणे द्यायचा, अशी आख्यायिका आहे. पण त्या क्लबात बाळूला बॅट कधी मिळाली नाही. टाकणं हे काम, मारणं हा मान.

पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून त्यांनी बाळूला संघात घेतलं. त्याने हाताळलेला चेंडू सगळे हाताळायचे. चेंडू बाटत नव्हता! चहाच्या सुट्टीत मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर, हातात मातीचा पेला. वापरायचा आणि फेकून द्यायचा. पुरवणीतले लेखक ज्या चहाच्या सुट्टीसाठी उसासे टाकतात ती ही. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात बाळूने ११४ बळी घेतले. कर्णधारपद? ते नाही. १९२० साली बाळूला वगळलं, विठ्ठलला डावलून दुसऱ्याला कर्णधार केलं, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघावर बहिष्कार टाकला. मग तडजोड म्हणून बाळू उपकर्णधार. कर्णधार मैदानाबाहेर गेला तेवढा वेळ संघ त्याच्या हातात! विठ्ठल कर्णधार झाला तो १९२३ साली, आणि हिंदू जिंकले.

आता पैशाने बाटण्याचं बघू. ते चार रुपये बाटवणारे होते की सोडवणारे? गावात चांभाराने जोडा शिवला तर सुगीला बलुतं, तेही हात पसरून. इथे महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम. बलुत्याकडून पगाराकडे जाणं म्हणजे काय, हे आपल्या बापजाद्यांना गिरणीत आणि रेल्वेत कळलं. हौशीपणाची थोरवी गाणाऱ्याच्या घरात दाणे असतात. बिनपगारी शुद्धता त्यालाच परवडते.

माझा चुलता एका जिमखान्याच्या मैदानावर रोलर ओढायचा. गावाचं नाव सांगत नाही. संध्याकाळी वकील-डॉक्टर लोक नेटमध्ये यायचे, तेव्हा चुलता फाटक्या कॅनव्हासच्या बुटांत त्यांना बॉल टाकायचा. दहा-बारा वर्षं टाकले. मी एकदा विचारलं, तुला कधी बॅटिंग दिली का? तो म्हणाला, “आरं, ती मागायची असती हेच मला म्हाईत न्हवतं.” मला बाळू समजला तो पुस्तकातून नाही, या वाक्यातून.

खेळाचा ‘आत्मा’ म्हणूनही एक भानगड आहे. डिसेंबर १९४७, सिडनी. विनू मंकडने चेंडू टाकायला येता येता पलीकडच्या टोकाला क्रीज सोडून पुढे सरकलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. त्याच दौऱ्यात आधी एका सामन्यात ताकीद देऊनही झालं होतं. नियमात बसत होतं, खुद्द ब्रॅडमनने मंकडची बाजू घेतली. तरी ‘मंकडिंग’ हा शब्द निघाला. चोरून धाव लांबवणारा सभ्य आणि पकडणारा असभ्य! २०२२ साली एमसीसीने हा प्रकार ‘अनुचित खेळा’च्या कलमातून काढून सरळ ‘धावबाद’च्या कलमात टाकला. त्याच सप्टेंबरात लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला असंच बाद केलं तर पुन्हा आत्म्याची रडारड. बघा, बॉलरच्या बाजूने एक नियम सरकला की आत्म्याला लगेच ताप येतो.

तर मग आधुनिकतेचा जयजयकार करायचा? आमचा एक मित्र तेच म्हणतो. “लिलावात जात विचारत नाहीत, दादा. बोली लागते ती कामावर.” मला त्याचं म्हणणं अर्धं पटतं. १९७७ साली ऑस्ट्रेलियातल्या केरी पॅकरने रंगीत कपडे, पांढरा चेंडू, दिव्यांचा झोत आणला. तो काही समाजसेवक नव्हता, त्याला टीव्हीचे हक्क पाहिजे होते. पण खेळाडूंना तुटपुंज्या मानधनावर राबवणाऱ्या मंडळांची मिजास त्याने उतरवली हे खरं. खेळाडूच्या मजुरीला भाव आला.

उरलेलं अर्धं पटत नाही. लिलावाच्या टेबलावर जात विचारत नसतील, पण त्या टेबलापर्यंतचा रस्ता कुणाच्या मैदानातून जातो? किट कोण घेऊन देतं, शाळा बुडवून सरावाला कोण सोडतं? आणि खेळात तरी काय बदललं? टी-ट्वेंटीत बॉलरला चार षटकं. सीमारेषेची दोरी आत ओढलेली, पाय पुढे पडला की फ्री हिट, २०२३ पासून आयपीएलमध्ये वर एक ‘इम्पॅक्ट’ खेळाडू. कपडे रंगीत झाले, दिवे लागले, तरी मारणाऱ्याचा मान आणि टाकणाऱ्याचं काम तसंच राहिलं. मखाया एन्टिनी दक्षिण आफ्रिकेकडून १९९८ पासून १०१ कसोट्या खेळला, ३९० बळी घेतले. २०२० साली त्याने सांगितलं की संघाच्या बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर त्याच्याशेजारी कुणी बसत नसे. म्हणून तो बॅग ड्रायव्हरकडे द्यायचा आणि मैदानापर्यंत पळत जायचा. रंगीत कपडे होते, टीव्ही होता, पैसा होता. मातीचा पेलाही होता.

त्याच देशात २०१६ साली क्रिकेट मंडळाने नियम केला. मोसमभराच्या सरासरीने संघात निदान सहा खेळाडू गोरे नसलेले, त्यातले निदान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी. झालं! दर्जा घसरला, गुणवत्ता मेली, परंपरा बुडाली. हे शब्द आपल्याला पाठ आहेत, कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत आपण ते ऐकलेत. केपटाउनजवळ लांगा ही काळ्यांसाठी वेगळी काढलेली वस्ती. तिथला टेम्बा बावुमा पुढे कर्णधार झाला. ‘कोट्यातला’ ही शिवी त्याने किती खाल्ली! जून २०२५ मध्ये कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना लॉर्ड्सवर झाला. म्हणजे परंपरेच्या देवघरात, परंपरेच्या सर्वांत सोवळ्या प्रकारात. रबाडाने सामन्यात नऊ बळी घेतले. मार्करमने १३६ केले, हा गोरा, हेही सांगतो. आणि लंगडत्या पायाने बावुमाने ६६. ऑस्ट्रेलिया हरली. मारे कसोटीची काळजी वाहणाऱ्यांनी त्या दिवशी तरी नियमाचे आभार मानायला हरकत नव्हती.

आपल्याकडे असा नियम नाही. नुसता विषय काढला तरी तमाशा हा शब्द पुन्हा ऐकू येतो.

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. बाळूचं नाव काढलं की चळवळीतला कुणीतरी म्हणतोच, “तो बाबासाहेबांविरुद्ध उभा होता.” होता. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. काँग्रेसने त्याला उभं केलं, तो राहिला. राजकारणात तो चुकला असं मी म्हणतो, मोठ्याने म्हणतो. पण म्हणून मैदानावरचा बाळू प्रस्थापितांना देऊन टाकायचा? त्यांनी त्याला तेव्हा पेला मातीचा दिला, आता एखादा चिमटीएवढा परिच्छेद देतात. आपण तर तेवढंही देत नाही.

विठ्ठलने ‘माझे क्रीडाजीवन’ नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ साली. दलित आत्मकथनांच्या आपल्या याद्यांत ते मला कुठे दिसलं नाही. कुणाच्या घरी, तालुक्याच्या वाचनालयात, एखाद्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत प्रत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. झेरॉक्सचे पैसे मी देतो. चुलत्याला वाचून दाखवायचंय.