दहा राग आणि डिस्को ठेका : एका ध्वनिमुद्रिकेचे पुनर्मूल्यमापन

चरणजितसिंग (१९४०–२०१५) यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ साली मुंबईत तयार झाली, तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. २०१० साली एका डच संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य रसिकांत एकाएकी तिचा बोलबाला झाला. शिकागो येथे १९८७ साली ‘अ‍ॅसिड हाउस’ या नावाने जो नृत्यसंगीतप्रकार पुढे आला, त्याचा नाद या मुद्रिकेत पाच वर्षे आधीच उमटला आहे, हे त्या बोलबाल्याचे कारण. म्हणजे तिला मान मिळाला तो पूर्वज म्हणून. कृती म्हणून तिचे परीक्षण जवळजवळ झालेच नाही. वस्तुतः तिच्या नावात ‘राग’ हा शब्द आहे आणि परीक्षणाची सुरुवात त्या शब्दापासून व्हावयास हवी.

चरणजितसिंग हे चित्रपटसंगीतातील वादक. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधील ‘दम मारो दम’ या गाण्यात त्यांचा ट्रान्सिकॉर्ड वाजतो. त्या काळच्या सायकेडेलिक संगीताला भारतीय राग हवा होता तो गुंगीसाठी, एखाद्या अंतराळयात्रेचा आभास निर्माण करण्यासाठी. प्रस्तुत मुद्रिकेतील प्रयत्न याच्या उलट दिशेचा आहे. येथे वाद्ये अंतराळातील वाटावीत अशी आहेत. परंतु त्यांना राग वाजवावयास लावले आहे. रोलंड या जपानी कंपनीचे ज्युपिटर-८ हे स्वरयंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या साथीचे छोटे यंत्र, एवढाच हा सरंजाम. शेवटचे यंत्र गिटारवादकाला घरी सरावासाठी साथ मिळावी म्हणून बनविले गेले होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. भारतीय कानाला ती मींडेची दूरची आठवण करून देते.

सप्तकाचे बारा समान भाग पाडणाऱ्या यंत्रावर राग वाजू शकतो काय, हा वाद मुंबईला नवा नाही. पेटीवर हाच आक्षेप होता आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दूर ठेवले. तरीही गिरगावातील बैठकींत पेटी वाजतच राहिली, आणि राग काही नष्ट झाला नाही. त्यामुळे केवळ श्रुतींच्या मुद्द्यावर ही मुद्रिका निकालात काढता येत नाही. मात्र हा मुद्दा सर्व रागांना सारखा लागू पडत नाही, हेही खरे. भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी हे चार राग औडव आहेत. स्वरांमधील अंतरे मोठी असल्याने यंत्राचा ठोकळेबाजपणा तेथे खपून जातो. मालकंस तर खर्जाच्या घुमाऱ्यात विशेष खुलतो. तोडीचे मात्र हाल होतात. तिचा अतिकोमल गंधार या यंत्राजवळ नाहीच. आणि तो नसला की तोडीचे कारुण्य गळून पडते, उरतो केवळ स्वरांचा क्रम. भैरवातील ऋषभ-धैवतांचे आंदोलनही असेच सपाट होते. ललितातील दोन मध्यमांची सलगी त्या मानाने टिकून राहते, कारण ते मध्यम शेजारी शेजारी आहेत आणि घसरणीची सोय तेथे कामी येते.

खरी हानी स्वरात नाही, कालात आहे. प्रत्येक रागाच्या आरंभी आलापसदृश दोन-चार सुरावटी येतात आणि लगेच ठेका सुरू होतो. या ठेक्यात प्रत्येक मात्रेवर सारखाच आघात आहे. त्याला खाली नाही, म्हणून समही नाही. देवधरांच्या गिरगावातील संगीतविद्यालयात किंवा दादरच्या एखाद्या सभागृहात जाणता श्रोता ज्या क्षणासाठी मान सावरून बसतो, तो समेवर परतण्याचा क्षण येथे कधीच येत नाही. सुमारे पाच मिनिटांत राग उरकावा लागला, ही तक्रार गौण आहे. जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांतही थोर गवयांनी राग उभे केले होते. परंतु तेथे आवर्तन होते.

त्याच वर्षी, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि परळ-लालबागमधील माग थांबले. या अविरत यांत्रिक ठेक्यात मागांचा प्रतिध्वनी शोधण्याचा मोह एखाद्यास होईल. कल्पना आकर्षक आहे, पण तिला मुद्रिकेत आधार नाही. हा ठेका गिरणगावातून आलेला नाही. तो ‘कुर्बानी’ (१९८०) नंतर चित्रपटांतून शहरभर पसरलेल्या डिस्कोचा आहे.

मग आवर्तन गमावून या कृतीने काय मिळविले? एरव्ही षड्ज-पंचमाचा आधार तंबोऱ्याकडे असतो आणि तो स्थिर असतो. येथे टीबी-३०३ रागाचेच स्वर द्रुत गतीने मंद्रात फिरवीत राहते आणि त्यावर ज्युपिटर-८ तेच स्वर सावकाश मांडते. आधारच चालता होतो. एकाच रागाच्या दोन गती एकाच वेळी ऐकू येण्याचा हा अनुभव पेटीने दिला नव्हता. कलावतीत हा परिणाम इतका स्वाभाविक वाटतो की समेची उणीव काही काळ जाणवत नाही. तोडीत ती पहिल्या अर्ध्या मिनिटातच जाणवू लागते.