अननसाचा अ, बाणाचा ण

मुळाक्षरांचा तक्ता आपण लहानपणी तोंडपाठ करतो आणि पुढे त्याच्याकडे कधी नीट पाहतही नाही. ‘अ अननसाचा, आ आईचा’ हा ठेका तेवढा कानात राहतो. तक्त्यागणिक शब्द थोडेफार बदलतात, पण एकेक चौकट निरखून पाहिली की ते निवडणाऱ्यांचे कान किती तयार होते, हे कळत जाते.

आधी कमळ, गवत, घर, बदक, रथ हे शब्द पाहा. यांतल्या एकालाही काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही. मराठीत व्यंजन शिकवताना आपण ते अकारासह उच्चारतो. ‘क’साठी किल्ला निवडला असता, तर मुलाच्या कानावर ‘कि’ पडला असता; कमळात मात्र निखळ ‘क’ ऐकू येतो. शिवाय अक्षरओळख पुरी झाली की चित्रावर हात ठेवूनही मूल ‘घर’ आणि ‘रथ’ वाचू शकते. ओळखीसाठी निवडलेला शब्दच पहिला वाचनपाठ ठरतो, ही योजना फार सुंदर आहे.

आता ‘चा’कडे वळू. अक्षर नपुंसकलिंगी, पण एकेक वर्ण ‘तो क’, ‘तो ख’ असा पुल्लिंगी. म्हणून कमळाचा, छत्रीचा. हा प्रत्यय लागताच शब्दाचे सामान्यरूप होते आणि मराठी व्याकरणातला एक अवघड भाग मुलाच्या जिभेवर आपोआप बसतो. एडका एडक्याचा होतो, मका मक्याचा. लसणाच्या चौकटीत ‘सू’चा ऊकार गळतो. ससा तर ‘सशाचा’ होताना पहिला स राखून दुसऱ्याचा श करतो. गंमत ऊसाची! लेखनाच्या नियमाने ‘उसाचा’ व्हायला हवे, पण तसे म्हटले तर जो ऊ शिकवायचा तोच ऱ्हस्व होईल. म्हणून मुले ‘ऊ ऊसाचा’ असा ऊ चांगला लांबवून म्हणतात. अक्षरासाठी नियमाने घेतलेली ही माघार मोठी रसिक आहे.

क्रमही ऐकण्यासारखा आहे. कवर्गापासून पवर्गापर्यंत 25 स्पर्शव्यंजने कंठातून निघून ओठांपर्यंत येतात. गवताशेजारी घर येते, तेव्हा ग आणि घ यांच्यातला श्वासाचा फरक कुणी न समजावताही कानाला कळतो. शास्त्र इतक्या सहज खेळवणे सोपे नाही.

सर्वांत देखणी सोडवणूक ण आणि ळ यांची. या अक्षरांनी सुरू होणारा रोजच्या बोलण्यातला शब्द मराठीत नाही. तेव्हा पहिल्या अक्षराचा नेम मोडून बाण आणि बाळ आले. दोन्ही शब्दांचा आरंभ एकच, बदलते ते शेवटचे अक्षर. आणि तेवढ्याने अर्थ पार पालटतो. नुसत्या ‘बाण’मध्ये ण अर्धवट गिळला जातो, ‘बाणाचा’ म्हणताच तो ‘णा’ होऊन खणखणीत वाजतो. अडचणीतून काढलेली वाट मूळ वाटेहून सरस निघाली.

जिथे तक्ता थांबतो, तिथून जाणत्या शिक्षिकेचे काम सुरू होते. च, ज, झ यांना चौकट एकच, उच्चार मात्र दोन. ती चाकाशेजारी चंद्र ठेवते, जाळ्याशेजारी जीभ, झाडाशेजारी झेंडा. मुले जोड्या म्हणत जातात आणि लिपीने न दाखवलेला भेद जिभेनेच ओळखतात. लिपी जिथे मुकी आहे, तिथे शब्दांनी बोलावे, ही समज वर्गात फार मोलाची आहे.

पुढची पायरी म्हणजे ‘नाव, गाव, फळ, फूल’. अक्षर क आले की कुसुम, कोल्हापूर, कलिंगड, कण्हेर. इथे कु आणि को दोन्ही चालतात. म्हणजे उकार, मात्रा चढली तरी क हा कच राहतो, हे मुलाने न शिकवता जाणलेले असते. दोघांचा शब्द सारखा आला की 10चे 5 गुण होतात. म्हणून केळे सोडून मूल कवठ शोधते, गुलाब सोडून गुलबक्षी. अनवट शब्दाची गोडी लावणारा हा गुणांचा हिशेब आहे.

आजच्या मुलाने ऐरण पाहिलेली नसते, एडका क्वचितच. शब्द बदलायला हरकत नाही. फक्त नवा शब्द निवडताना तो मोठ्याने म्हणून पाहा: अक्षर निखळ ऐकू येते का, वस्तू मुलाच्या परिचयाची आहे का, ‘चा’ लावल्यावर तो तालात बसतो का. या तीन कसोट्यांना उतरेल तोच शब्द तक्त्यावर घ्या.